रेव्हरंड टिळकांनी येशूची गोष्ट अभंगात का सांगितली?

लातूर जिल्ह्यातलं देवणी म्हटलं की आधी आठवतं ते तिथलं देवणी जातीचं गोधन. कर्नाटकची सीमा जवळच, त्यामुळं बाजारात मराठीसोबत कन्नड आणि उर्दूही कानावर पडते. पण या भागातल्या एखाद्या गावात हरिनाम सप्ताह लागला, रात्री मंडपात टाळ-मृदंग वाजायला लागले की शेतकरी असो, गुरुजी असोत, नाहीतर नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी असो, कीर्तनकाराचं बोलणं सगळ्यांना समजतं.

कीर्तनकार सांगत असतो ते तसं अवघडच असतं. जीव म्हणजे काय, देव म्हणजे काय, माया म्हणजे काय. पण तो ते पेरणीच्या, बैलाच्या, सासू-सुनेच्या गोष्टीतून सांगतो. शाळेत न गेलेल्या माणसालाही मग वेदान्त कळतो.

ही ताकद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं पुरती ओळखली होती. ते जन्मानं चित्पावन ब्राह्मण होते, संस्कृत जाणणारे होते आणि उत्तम कवीही होते. पण त्यांना कीर्तनातून विठ्ठल सांगायचा नव्हता, येशू ख्रिस्त सांगायचा होता. त्यांचं नाव नारायण वामन टिळक.

आडनाव ऐकून लोकमान्य आठवतात, पण हे टिळक वेगळे. मराठी कवितेत यांची ओळख फुलांमुलांचे कवी अशी आहे. शिकाऱ्याच्या गोळीनं जखमी झालेल्या पक्षिणीवरची ‘केवढें हें क्रौर्य’ ही त्यांची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. ती लिहिणारा कवी पुढं रेव्हरंड झाला, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आई गेली आणि घर सुटलं

नारायण टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकरीत होते. स्वभावानं तापट आणि घरात धाक असलेले. आई जानकीबाई याच्या अगदी उलट. त्यांना भक्तीची ओढ होती, कवितेची आवड होती. लहानग्या नारायणला गोडी लागली ती आईमुळं.

ही आई तो लहान असतानाच गेली. त्यानंतर मुलाचं घरात मन रमेना. त्यानं घर सोडलं आणि पायी नाशिकची वाट धरली. तिथं गणेशशास्त्री लेले या विद्वानांकडं संस्कृत शिकायला मिळालं, थोडंफार इंग्रजीही झालं. पदवी अशी कुठली नव्हती, पण वाचन दांडगं होतं आणि तोंडात सरस्वती होती.

लग्न झालं तेव्हा टिळक जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही बायको म्हणून घरात आली, तेव्हा ती बारा वर्षांचीही नव्हती. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. याच लक्ष्मीबाई टिळक. पुढं त्यांनी लिहिलेलं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीतल्या सर्वोत्तम पुस्तकांत गणलं जातं. टिळकांबद्दल आज जे काही घरगुती तपशील आपल्याला ठाऊक आहेत, त्यातले बरेचसे तिथूनच आलेले आहेत.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. कधी शिक्षकी, कधी पुराण सांगणं, कधी कीर्तन, कधी छापखान्यातलं काम. पैसा हातात आला की कुणा गरजूला देऊन मोकळे. राग लवकर यायचा, तितक्याच लवकर जायचा. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची.

पुढं नागपुरात त्यांना आप्पासाहेब बुटी या धनिकांचा आश्रय मिळाला. जुन्या संस्कृत ग्रंथांवर काम आणि ‘ऋषि’ या मासिकाचं संपादन सुरू झालं. याच काळात डोक्यात एक प्रश्न घोळत होता. देशाचं भलं व्हायचं तर जातीजातींत विभागलेला हा समाज एकत्र कसा येणार? सगळ्यांचा बाप एकच असेल, तर त्याच्या लेकरांत उच्च-नीच कुठून आलं? जुन्या ग्रंथांत उत्तर शोधून त्यांचं समाधान होत नव्हतं. नवा धर्मच काढावा की काय, इथपर्यंत विचार गेला होता.

आगगाडीतला अनोळखी प्रवासी

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. गाडीच्या डब्यात समोर एक गोरा माणूस बसला होता. तो काळ असा की साहेबासोबत एका डब्यात बसायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. पण हा साहेब वेगळा निघाला. त्यानं आदरानं जागा करून दिली आणि संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. टिळकांच्या आवडीचा विषय! बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली.

उतरताना त्या प्रवाशानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असंही तो सांगून गेला. टिळकांना ते अर्थातच पटलं नाही. एवढं मोठं वळण देऊन गेलेल्या त्या माणसाचं नाव काय, हे टिळकांना कधीच सांगता आलं नाही.

पुस्तक दिलंय तर वाचून टाकू, म्हणून त्यांनी सुरुवात केली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी येऊन ते थांबले. तिथून तीन अध्याय येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. नम्र माणसं धन्य, शत्रूवरही प्रेम करा, दान देताना गाजावाजा करू नका, अशी त्यातली शिकवण. ज्या प्रश्नांनी टिळकांना छळलं होतं, त्यांची उत्तरं त्यांना इथं सापडली.

या सगळ्या प्रसंगातली एक गोष्ट टिळकांच्या पुढच्या आयुष्याशी जोडून पाहण्यासारखी आहे. त्या प्रवाशानं सुरुवात धर्मापासून केलीच नव्हती. त्यानं आधी समोरच्याला मान दिला, त्याच्या आवडीच्या विषयावर बोलला आणि मग आपलं म्हणणं मांडलं.

दोन वर्षांच्या आतच, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

घरातच हरलेला वाद

बातमी घरी पोचली आणि आभाळ कोसळलं. त्या काळी ब्राह्मण माणूस ख्रिस्ती झाला, की नातेवाइकांच्या लेखी तो मेल्यात जमा व्हायचा. बायकोची अवस्था तर त्याहून वाईट. नवरा जिवंत आहे म्हणून विधवा नाही, आणि त्याच्याकडं जाता येत नाही म्हणून सवाष्णपणही नावालाच.

लक्ष्मीबाईंच्या माहेरचं वातावरण लक्षात घेतलं तर या धक्क्याची खोली कळते. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं अक्षरशः वेड होतं. बाजारातून घरी आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे, मिठासारख्या वस्तूचीही यातून सुटका नव्हती. अशा घरातल्या मुलीचा नवरा बाटला होता.

लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधारानं राहू लागल्या. काही काळ पंढरपुरातही होत्या. नवरा-बायकोची ताटातूट चार-पाच वर्षं चालली. टिळक पत्रं पाठवत, कविता पाठवत. समजावून सांगत, कधी चिडत. एवढा मोठा वक्ता, एवढा पट्टीचा कवी, पण सगळ्यात जवळच्या माणसाला आपली श्रद्धा पटवून देणं त्यांना जमलं नाही. वादात लक्ष्मीबाई हार जाणाऱ्या नव्हत्याच.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. टिळकांनी ते मान्य केलं. ज्या माणसानं जात सोडण्यासाठी घरदार गमावलं, त्याच्याच घरात आता बायकोचं सोवळं सुरू होतं, आणि त्यानं ते मोडायचा आग्रह धरला नाही.

मग हळूहळू बदल झाला. आजूबाजूला ख्रिस्ती माणसं कशी राहतात, आजाऱ्याची सेवा कशी करतात, हे लक्ष्मीबाई पाहत होत्या. एके दिवशी त्यांच्या मनात सरळ साधा विचार आला. माणसं देवानं केली, पण जाती काही देवानं केल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या. तेवढ्या एका विचारानं जन्मभराचं सोवळं सुटलं. त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० मध्ये नगर जिल्ह्यातल्या राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी दिलेल्या युक्तिवादांनी जे झालं नाही, ते डोळ्यांनी पाहिलेल्या जगण्यानं झालं होतं.

पाद्र्याची मराठी लोकांना का कळत नव्हती?

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी मुलखात ख्रिस्ती धर्म काही नवा नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेजुइट गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा इतकी आत्मसात केली की १६१६ मध्ये बायबलची कथा सांगणारं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलं. ओव्या सुमारे अकरा हजार. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्यांचा उल्लेख आजही मराठी भाषा दिनाच्या भाषणांत होतो.

पुढं एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी आले. विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. १८४२ मध्ये त्यांनी ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. मराठवाड्यातही, तेव्हाच्या निजाम राज्यात, जालन्याला नारायण शेषाद्री या ब्राह्मण घरातून आलेल्या धर्मोपदेशकानं काम उभं केलं आणि जवळच बेथेल नावाची वस्ती वसवली.

शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. १८९६ आणि १८९९ च्या भीषण दुष्काळांत मिशननं लोकांना जगवलं. गावकुसाबाहेरच्या अनेक कुटुंबांनी या काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावर पोटासाठी बाटले अशी टीकाही झाली. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांना माणूस म्हणून मिळालेली वागणूक ही भाकरीइतकीच मोठी गोष्ट होती, हे टीका करणाऱ्यांना दिसत नव्हतं.

पण एक अडचण मात्र खरी होती. मिशनच्या चर्चमधली बरीच गाणी इंग्रजीतून भाषांतर केलेली असत, आणि चालीही विलायती. शब्द मराठी, पण वाक्याची ठेवण परकी. प्रवचनातले शब्द घरात, शेतात कुणी वापरत नसे. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा पेहराव, नाव, बोलणं साहेबी होऊ लागलं, की गावाला वाटायचं, हा आता आपला राहिला नाही.

येशू हा पौर्वात्य माणूस. आशियात जन्मलेला, अनवाणी नाहीतर वहाणा घालून गावोगाव फिरलेला, पेरणाऱ्याच्या आणि हरवलेल्या मेंढराच्या गोष्टी सांगणारा. तो इथल्या शेतकऱ्याला जवळचा वाटायला हवा होता. पण तो लोकांपर्यंत पोचला तो कोट-पाटलोण घालून. टिळकांना ही गोष्ट फार खटकायची.

पूर्वरंग, उत्तररंग आणि ख्रिस्त

टिळकांनी यावर शोधलेला उपाय कागदावर अगदी सोपा वाटतो. लोक ज्या रीतीनं देवाबद्दल ऐकतात, त्याच रीतीनं सांगायचं.

ती रीत म्हणजे कीर्तन. नारदीय कीर्तनात दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादं पद किंवा अभंग घेऊन तत्त्व उलगडतो. उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून, म्हणजे गोष्टीतून, दाखवतो. मधे गाणं, टाळ, थोडा विनोद, थोडं रडू. श्रोता कंटाळत नाही आणि घरी जाताना गोष्ट सोबत नेतो.

नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा प्रयोग टिळकांच्या आधीच, १८६० च्या दशकात केला होता. कृष्णराव सांगळे हे त्यातलं मोठं नाव. टिळकांकडं मात्र दोन्ही गोष्टी होत्या. त्यांनी स्वतः पूर्वी हिंदू कीर्तनं-पुराणं केलेली होती आणि ते अस्सल कवी होते. त्यामुळं त्यांच्या हातात आल्यावर ही रीत उसनी वाटेनाशी झाली.

बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्टच घ्या. धाकटा मुलगा वाटणी मागतो, परमुलखात जाऊन पैसा उडवतो, दुष्काळ पडल्यावर डुकरं राखायची वेळ येते आणि शेवटी मान खाली घालून घरी परततो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. शेताची वाटणी, दुष्काळ, गाव सोडून गेलेला मुलगा, वाट पाहणारा बाप. यात मराठी गावाला समजावून सांगावं लागेल असं काय आहे? देवाची क्षमा या अवघड विषयावर दहा व्याख्यानं देण्यापेक्षा हे एक आख्यान जास्त खोल उतरतं. टिळकांची सगळी भिस्त अशा सांगण्यावर होती.

गाण्यांचंही तसंच. त्यांनी भजनं लिहिली, पदं लिहिली, देशी चालींत बसणारी. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या आजही ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक वापरतात. त्यात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. मराठी ख्रिस्ती घरांत ज्या चाली आजीच्या तोंडून नातवाकडं जातात, त्यात टिळकांचे शब्द असतात. अनेकदा गाणाऱ्याला कवीचं नावही माहीत नसतं.

आणि अभंग. ‘अभंगांजली’मध्ये टिळकांनी ख्रिस्ताशी वारकऱ्यासारखा संवाद केला. तिथं येशू सिंहासनावरचा राजा कमी आणि आई जास्त आहे, गुरू आहे, सखा आहे. विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या मुलखात ख्रिस्तालाही आई म्हणता येतं, हे त्यांनी सहज करून दाखवलं.

तुकोबांच्या पुलावरून

हे सगळं म्हणजे लोकांना ओढण्यासाठी केलेली युक्ती होती का? तशी शंका तेव्हाही घेतली गेली. काही हिंदूंना वाटायचं, आमचेच टाळ घेऊन हे दुसराच देव सांगतात. काही ख्रिस्ती मंडळींना भीती वाटायची, अभंग-कीर्तनाच्या मागून जुना धर्म परत घरात शिरेल.

टिळकांसाठी मात्र हा वेष नव्हता. आपण तुकारामाच्या पुलावरून चालत ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. आईकडून मिळालेली भक्ती, संतांनी शिकवलेली देवाची ओढ, हे सगळं त्यांनी टाकून दिलं नव्हतं. पलीकडं पोचल्यावर पूल जाळायचा नसतो, ही त्यांची धारणा होती. त्यामुळं त्यांच्या अभंगात भाषांतराचा वास येत नाही. ते लिहिताना त्यांना मराठी शब्द शोधावे लागत नव्हते. त्यांची प्रार्थनाच मराठीत होत होती.

धर्म बदलला म्हणून माणसं तोडायची नाहीत, हेही त्यांनी पाळलं. १९०७ मध्ये जळगावला कवींचं संमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाची कविता गाजली आणि त्याला बालकवी हे नाव मिळालं. हा मुलगा पुढं नगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळक दांपत्यानं त्याच्यावर मुलासारखी माया केली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरातली त्यांची जागा त्यानं कमी झाली नाही. दुष्काळ-प्लेगच्या दिवसांत आलेल्या अनाथ मुलांसाठीही हे घर उघडं होतं. घरात चणचण असायची, पण ताटं वाढतच जायची.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि नावामागं रेव्हरंड लागलं. नगरच्या धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ते शिकवत होते. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडं आलं आणि ते अखेरपर्यंत राहिलं.

पगार सोडला

वय पंचावन्न झालं तेव्हा टिळकांनी आणखी एक पाऊल उचललं. घरच्यांच्या छातीत धस्स व्हावं असं.

त्यांच्या लक्षात आलं होतं, की भाषा कितीही देशी केली तरी सांगणारा मिशनच्या पगारावर असेल तर ऐकणाऱ्याच्या मनात एक गाठ राहतेच. हा गोऱ्यांचा नोकर आहे, पैसे मिळतात म्हणून बोलतो. आपल्याकडं साधूनं काही सांगावं आणि लोकांनी ऐकावं, याचं कारण साधूला काही मिळवायचं नसतं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्याशाचं जीवन पत्करलं आणि साताऱ्याला गेले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात ख्रिस्ताला मानणारे कुणीही येऊ शकत होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेसुद्धा. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी आपलं नाव, आपली संस्कृती, आपला समाज सोडायची गरज नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी स्वतः या सोडण्याची किंमत मोजली होती. बायकोनं तर जास्तच.

चर्चमधल्या सगळ्यांना हे पटलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा, हा प्रश्न लहान नव्हता. आणि घरातला प्रश्न तर रोजचाच. संन्यास नवऱ्यानं घेतला तरी पोराबाळांच्या भाकरीची काळजी काही संन्यास घेत नाही. ती लक्ष्मीबाईंकडंच राहिली. टिळकांचं मोठेपण सांगताना ही बाजू झाकून चालत नाही. लक्ष्मीबाईंनीही ती ‘स्मृतिचित्रे’त झाकली नाही. नवऱ्याची थोरवी आणि त्याचा विक्षिप्तपणा, दोन्ही त्यांनी हसत हसत एकाच दमात सांगितलं आहे.

दरबार फार मोठा झाला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. दोन वर्षांत टिळकांची तब्येत ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. वय सत्तावन्न.

आपल्या देहाचं दहन व्हावं, ही त्यांची इच्छा होती. त्या काळच्या ख्रिस्ती रिवाजात ही वेगळीच गोष्ट. पण तशीच पाळली गेली आणि त्यांच्या अस्थी नगरला आणण्यात आल्या.

अर्धं राहिलेलं काम कुणी पूर्ण केलं?

टिळक जाताना एक मोठं काम अर्धवट ठेवून गेले होते. येशूचं चरित्र सांगणारं महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’. रामायणाच्या धाटणीचं नाव, ओवीसारखी वाचायला सोपी रचना. त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते.

ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी नवऱ्याच्या धर्माच्या नावानं जिला शहारे यायचे, जिनं त्याच्या घरात राहूनही आपली चूल वेगळी मांडली होती, त्या बाईनं उरलेले साठहून अधिक अध्याय लिहिले. रीतसर शालेय शिक्षण नसताना. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झालं.

टिळकांनी हजारो लोकांसमोर कीर्तनं केली. किती जणांनी त्यामुळं धर्म बदलला, हा हिशेब त्यांच्या कामाचं खरं माप नाही. ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसाला येशू परका वाटू नये आणि ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला तुकाराम परका वाटू नये, यासाठी ते आयुष्यभर झटले. पहिलं त्यांनी अभंगातून साधलं. दुसरं त्यांनी स्वतः जगून दाखवलं.

आजही मराठी चर्चमध्ये रविवारी पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन सुरू होतं, आणि तिकडं देवणीच्या बाजूला एखाद्या गावात सप्ताहाच्या मंडपात तुकोबांचा अभंग. देव वेगळा, मंडळी वेगळी. पण बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दोन्हीकडचे शब्द सारखेच समजतात.